सी नको, की टर्बो सी नको?

दहावी-बारावीचे निकाल लागून डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली की एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंगसाठी सी ही भाषा शिकवायची की पायथन? एका बाजूचे म्हणतात, पन्नास वर्षांपूर्वीची भाषा पोरांच्या गळ्यात कशाला मारता, जग कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सी ही सगळ्या भाषांची जननी, ती आली नाही तर पाया कच्चा. दोन्हीकडून आवाज चढतो आणि लॅबमध्ये प्रत्यक्ष काय चाललंय ते बघायला कुणी जात नाही. मी आठवड्याचे पाच दिवस गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि शनिवारी एका तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. तिथे बसून माझं मत पक्कं झालं आहे. कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना सी पहिल्याच वर्षी शिकवली पाहिजे. आणि आज आपल्याकडे सी या नावाखाली जे शिकवलं जातं, ते तितक्याच तातडीने बंद झालं पाहिजे.

आधी माझ्याच बाजूच्या लोकांचा एक मुद्दा बाजूला करतो. सी ही जननी वगैरे काही नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती १९७२ च्या सुमारास घडवली. फोरट्रान १९५७ पासून वापरात होती, लिस्प आणि कोबॉलही सीच्या कितीतरी आधीच्या. सीची स्वतःची आई बी नावाची भाषा आणि आजी बीसीपीएल. आणि समजा ती खरोखर जननी असती, तरी त्यावरून काय सिद्ध होतं? संस्कृत आल्याशिवाय मराठी बोलता येत नाही असं आपण म्हणतो का? वंशावळ दाखवून कुठलाही विषय अभ्यासक्रमात ठेवता येत नाही. तो आज काय दाखवतो ते सांगावं लागतं.

दुसऱ्या बाजूचा लाडका दाखला म्हणजे एमआयटी. ‘एमआयटीनेसुद्धा पायथन आणलं, तुम्ही कुठे अडकलात?’ हा प्रश्न मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकला आहे की एकदा नीट उत्तर दिलं पाहिजे. एमआयटीने २००९ च्या सुमारास पहिल्या अभ्यासक्रमात पायथन आणलं हे खरं. पण त्यांनी काढली काय? स्कीम नावाची भाषा. सी तिथे त्या जागी नव्हतीच. त्याच शहरातलं हार्वर्ड मात्र आपल्या गाजलेल्या सीएस-५० या पहिल्या अभ्यासक्रमात स्क्रॅच या चित्रांचे ठोकळे जुळवायच्या भाषेने सुरुवात करतं, लगेच सीकडे जातं आणि पायथन त्यानंतर शिकवतं. तिथे संगणकाचा विषय पूर्वी कधीच न घेतलेली मुलंही बसतात. अमेरिकेत करतात म्हणून आपणही करावं, असं मी म्हणत नाही. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा, एवढंच.

आता पायथनवाल्यांच्या ज्या मुद्द्यांना खरंच वजन आहे, त्यांकडे येतो. पहिला मुद्दा सुरुवातीच्या यशाचा. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं मराठी माध्यमातून येतात. पहिल्या दिवशी एका मुलीने सीमध्ये स्वतःचं नाव छापायचा प्रोग्रॅम लिहिला, ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, आणि पडद्यावर इंग्रजीत चुकांची रांग लागली. तिने कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. ‘सर, मी काहीतरी बिघडवलं का?’ पायथनमध्ये तेच काम एका ओळीत झालं असतं आणि ती हसत घरी गेली असती. ही किंमत लहान नाही. पहिल्या महिन्यात ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं मनाशी ठरवून बसलेलं मूल परत आणताना काय कष्ट पडतात, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकलच्या मुलांसाठी मी पायथनच्याच बाजूने आहे. त्यांना आकडेमोड हवी, आलेख हवेत, प्रयोगाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढायचे आहेत. पुणे विद्यापीठाने २०१९ च्या आराखड्यात इंजिनिअरिंगच्या प्रथम वर्षाला सर्व शाखांसाठी पायथन आणलं, तेव्हा त्यामागचा विचार मला पटला होता. सगळ्यांसाठी एकच विषय ठेवायचा असेल तर तो पायथनच असावा.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. सी धोकादायक आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं ठप्प केली. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक होती सीमधलं गेट्स हे फंक्शन, जे समोरून येणारा मजकूर किती लांब आहे हे न बघता तो मेमरीत ओतत जातं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. गूगलच्या क्रोमियमचा, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्याचा, आकडाही जवळपास तितकाच निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने अहवाल काढून उद्योगांना मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळायला सांगितलं. मग जी भाषा सोडा असं सगळे म्हणतात, तीच मुलांना का शिकवायची? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही आणि त्याला ‘पाया’ हे उत्तर पुरत नाही.

इथे मला आपल्या शाळांमधला एक जुना बदल आठवतो. पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असायचे. रुपया सोळा आण्यांचा आणि शेर सोळा छटाकांचा होता, तोवर त्या पाढ्यांवर बाजार चालायचा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग मेट्रिक वजनमापं आली आणि हे पाढे हळूहळू वर्गातून गेले. जुन्या लोकांना हळहळ वाटली, पण त्यात चूक काही झाली नाही. ज्या हिशेबासाठी ते होते तो हिशेबच उरला नव्हता. सी ही आजची पावकी आहे का? हे तपासायचं तर भाषेचं वय मोजून भागणार नाही. जे दाखवण्यासाठी ती भाषा आहे, ते अजून तिथे आहे का, हे बघावं लागेल. १९७२ च्या पीडीपी-११ यंत्रात मेमरी म्हणजे एकामागोमाग एक ओळीने मांडलेले खण होते आणि प्रत्येक खणाला एक क्रमांक होता. आज माझ्या खिशातल्या फोनमध्ये ते खण अब्जावधी झाले आहेत, पण त्यांची मांडणी तीच आहे. खण, खणाचा पत्ता, खणातली किंमत. पायथन हे सगळं पडद्याआड ठेवतं आणि बहुतेक कामांसाठी ते योग्यच आहे. पण पडद्याआड ते आहेच. आपण रोज वापरतो ते पायथन चालवणारा प्रोग्रॅम स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे. म्हणजे आण्यांचा रुपया गेला तसं इथे काही गेलेलं नाही.

गेली ती दुसरीच गोष्ट, आणि आपण नेमकी तीच धरून बसलो आहोत. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये टर्बो सी हे सीचे प्रोग्रॅम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्याची ती प्रसिद्ध निळ्या पडद्याची आवृत्ती आली. ते डॉससाठी, सोळा बिटांच्या यंत्रांसाठी होतं. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालतसुद्धा नाही. म्हणून लॅबमध्ये आधी डॉसचं सोंग आणणारा एक प्रोग्रॅम टाकतात आणि त्याच्या पोटात टर्बो सी चालवतात. मुलं वॉइड मेन लिहितात, क्लिअरस्क्रीन लिहितात, शेवटी गेटसीएच लिहितात, आणि यांतलं काहीच सीच्या मानकात बसत नाही हे त्यांना कुणी सांगत नाही. तो निळा पडदा म्हणजे खरी पावकी.

याचा तोटा काय, ते एका प्रसंगातून सांगतो. फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम प्रत्येक जर्नलमध्ये असतो. एका मुलाने ७ दिले, उत्तर ५०४० आलं. ८ दिले, तर पडद्यावर वजा २५२१६. आठाचा फॅक्टोरियल ४०३२० असतो हे त्याला ठाऊक होतं. धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा येईल, असं त्याने विचारलं. जर्नल तपासणाऱ्यांनी त्याला सांगितलं, ‘सातपर्यंतच इनपुट दे.’ एका वाक्यात सगळा विषय मेला. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) हा दोन बाइटांचा, म्हणजे मेमरीतल्या दोन खणांचा असतो, त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही, त्यापुढे तो गोल फिरून ऋण बाजूला जातो. हे त्या मुलाला दहा मिनिटांत सांगता आलं असतं. मग त्याला तोच प्रोग्रॅम जीसीसी या आजच्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवायला लावायचा. तिथे इंट चार बाइटांचा, म्हणून आठाचं उत्तर बरोबर येतं, बाराचंही येतं, आणि तेराला पुन्हा भलताच आकडा दिसतो. पायथनमध्ये शंभराचा फॅक्टोरियलही अचूक मिळतो. असं का, हा प्रश्न त्या मुलाच्या डोक्यात एकदा शिरला की पायथन त्याच्यासाठी किती काम करतं हे त्याला कळतं, आणि ते काम फुकट होत नाही हेही कळतं.

मराठी मुलांसाठी माझ्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे. फळ्यावर ‘पुणे’ लिहा आणि विचारा, किती अक्षरं? दोन. पायथनला विचारा, ते म्हणतं चार, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे तिथे वेगवेगळे धरले जातात. सीच्या स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारा, उत्तर बारा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तीनही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. आता ‘ज्ञानेश्वर’ घ्या. आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, पायथनला दहा चिन्हं, मेमरीत तीस बाइट. कुणा प्रोग्रॅमरने इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून नावासाठी वीस बाइट राखले असतील, तर ‘ज्ञाने’पर्यंत अठरा बाइट होतात, पुढच्या ‘श’चे दोन बाइट आत येतात, तिसरा बाहेर राहतो. पडद्यावर दिसतं ‘ज्ञाने’ आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्हाचा काळा तुकडा. अशी तोडलेली मराठी नावं मी पावत्यांवर पाहिली आहेत, ओळखपत्रांवर पाहिली आहेत. माझ्या स्वतःच्या घरातलं एक आडनाव एका संस्थेच्या कागदपत्रांवर गेली कित्येक वर्षं अर्धंच आहे. तिथल्या खिडकीवर मला सांगितलं गेलं की मराठीत टाकलं की असं होतं. मराठीचा त्यात काय दोष? अक्षर आणि बाइट यांतला फरक न शिकलेल्या माणसाने तो तक्ता आखला होता. आपल्या भाषेतलं सॉफ्टवेअर आपण करायचं म्हणतो, तर हा फरक आपल्या मुलांना पहिल्या वर्षी का दाखवू नये? आणि तो सीइतका उघडा कुठे दिसतो?

धोक्याच्या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे. सी धोकादायक आहे, म्हणूनच ती शिकवताना धोका दाखवला पाहिजे. आपण उलट करतो. ज्या गेट्सच्या वाटेने १९८८ मध्ये मॉरिस वर्म शिरला, ते फंक्शन २०११ च्या मानकातून कायमचं काढून टाकलं गेलं. तरी ते आजही जर्नलमध्ये ‘नाव वाचण्याचा प्रोग्रॅम’ म्हणून उतरवलं जातं, त्यावर सही होते आणि गुण मिळतात. याचा दोष भाषेवर कसा टाकायचा? रस्टसारख्या भाषा मेमरीची शिस्त सक्तीने पाळायला लावतात, आणि नवं काम त्यांच्यात व्हावं असं मलाही वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा मिळाली. पण लिनक्सच्या गाभ्यातल्या कोट्यवधी ओळी अजून सीच्या आहेत, आणि त्या बदलायच्या तर आधी वाचता आल्या पाहिजेत. शिवाय रस्टचा कंपायलर एखादी ओळ नाकारतो तेव्हा तो कशापासून वाचवतोय हे सीमध्ये एकदा हात पोळलेल्याला लगेच समजतं. बाकीच्यांना ती नुसती कटकट वाटते.

नोकऱ्यांचा मुद्दा मी थोडक्यात संपवतो, कारण त्यावर अभ्यासक्रम उभा करणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या एपी परीक्षेची भाषा पास्कल होती, १९९९ ला ती सी प्लस प्लस झाली आणि २००३ नंतर जावा. बाजाराच्या मागे धावायचं तर दर पाच-दहा वर्षांनी पाटी पुसावी लागते. तरीही सीला काम नाही असं म्हणणाऱ्यांनी चाकण-भोसरीच्या बाजूला एक चक्कर मारावी. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींमधला कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं एबीएस त्याआधीच आलं होतं. या यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या डब्यांतला प्रोग्रॅम प्रामुख्याने सीमध्ये लिहिला जातो, आणि तो कसा लिहायचा याची मिस्रा सी नावाची कडक नियमावली १९९८ पासून आहे. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी स्कॅनएफ या किंमत वाचून घेणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेरिएबलच्या नावाआधी ‘&’ का लावायचं, हे विचारतो. ‘लावायचंच असतं, सर,’ हे उत्तर इतक्यांदा मिळतं की वाईट वाटतं. ही मुलं हुशार असतात, चार वर्षं घासून आलेली असतात. पोस्टमनला पत्र टाकायला घराचा पत्ता लागतो, तसं स्कॅनएफला किंमत टाकायला खणाचा पत्ता लागतो, हे एक वाक्य त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शेवटचा आक्षेप अलीकडचा आहे. आता एआय प्रोग्रॅम लिहून देतं, मग मेमरी-बिमरी कशाला शिकायची? मी वर्गात एक प्रयोग करतो. दिलेल्या शब्दाची नक्कल करणारं फंक्शन फळ्यावर लिहितो आणि त्यात मुद्दाम एक चूक ठेवतो. शब्दाची लांबी जितकी, नेमकी तितकीच जागा मागतो. शब्द संपल्याची खूण म्हणून सी शेवटी एक शून्याचा बाइट ठेवते, त्याची जागा धरत नाही. नेहमीच्या ६४ बिट लिनक्सवर ‘पुणे’ देऊन बघा, बिनतक्रार चालतं. बारा बाइट मागितले तरी यंत्रणा चोवीस वापरता येतील इतकी जागा देते, त्यामुळे तेरावा बाइट खपून जातो. आता ‘कुलकर्णी’ द्या. हा शब्द बरोबर चोवीस बाइटांचा. पंचविसावा, म्हणजे शून्याचा बाइट, शेजारच्या जागेच्या हिशेबावर जाऊन बसतो. प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळेल असंही नाही. तो पुढे कधीतरी, भलत्याच ओळीवर मान टाकेल आणि माणूस त्या ओळीत चूक शोधत बसेल. असा प्रोग्रॅम एआयने लिहिलेला असो की माणसाने, ‘“पुणे” देऊन चालला, म्हणजे बरोबर’ असं म्हणणारा तो पास करून पुढे पाठवेल. लिहिणारं यंत्र जितकं भरभर लिहू लागेल, तितकी ही चूक वाचू शकणारी माणसं जास्त लागतील. ती कुठून येणार?

बदलायचं काय, हे अवघड नाही आणि त्याला पैसेही लागत नाहीत. जीसीसी फुकट आहे, लिनक्स फुकट आहे, जुन्या पीसीवरही चालतं. घरी कॉम्प्युटर नसलेल्या मुलाच्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप टाकलं तर त्यात क्लँग हा सीचा कंपायलर बसतो. माझ्या वर्गातली दोन मुलं एसटीत बसून असाच सराव करतात. कंपायलरमधलं ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन चालू केलं की ‘कुलकर्णी’सारखी चूक कुठल्या ओळीवर झाली ते तिथल्या तिथे कळतं. पाठ्यक्रमाच्या शेवटच्या प्रकरणात, सबमिशनच्या घाईत गुंडाळला जाणारा पॉइंटर, म्हणजे खणाचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल, तिसऱ्या आठवड्यात घ्या, कारण सी शिकण्याचं कारणच तो आहे. सुरुवातीचे दोन आठवडे पायथनला द्यायचे असतील तर खुशाल द्या. त्या मुलीचे हात कीबोर्डवरून उचलले जाऊ नयेत, यासाठी मी तेवढी तडजोड आनंदाने करीन. जर्नलमध्ये उतरवलेल्या वीस प्रोग्रॅमऐवजी दहा मोडलेले प्रोग्रॅम द्या आणि प्रत्येकाखाली तो का मोडला ते मुलांना स्वतःच्या शब्दांत, मराठीतसुद्धा, लिहू द्या.

आणि व्हायवाला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी ‘सीचे जनक कोण’ हा प्रश्न आता सोडावा. कागदावर ‘पुणे’ लिहून समोर ठेवावं आणि विचारावं, हे मेमरीत ठेवायला किती बाइट लागतील? जो बारा म्हणेल त्याला थोडा वेळ द्यावा. जो तेरा म्हणेल त्याला विचारावं, तेरावा कशासाठी?